कपाशेजारची कॅप्सूल

काडी पेटेना. टाउनोने तिसरी ओढली, दोन्ही तळव्यांचा आडोसा केला, आणि वाऱ्याने तीही विझवली.

"काडेपेटी ओली आहे," सिर्का म्हणाली.

"काडेपेटी ठीक आहे. वारा ओला आहे."

"सावो प्रांतातल्या माणसाला सरळ हो म्हणता येत नाही."

"येतं की," टाउनो म्हणाला. "पण मग ऐकणाऱ्याला काही कामच उरत नाही."

रायलीला हसू आलं. हसताना तिने डावा डोळा तळहाताने झाकून घेतला. तो उघडा ठेवला की थडग्यासमोर दोन टाउनो आणि दोन सिर्का उभ्या दिसत, आणि सिर्का एकच पुरेशी होती. पापणी तशीही ऑगस्टपासून अर्धी खाली आली होती.

सर्व संतांचा शनिवार होता, मृतांच्या आठवणीचा. साडेतीनलाच दिवस कलला होता आणि हुक्कालाच्या दफनभूमीत गावातल्या लोकांनी लावलेल्या मेणबत्त्या पाइनच्या झाडांखाली एकेक करून दिसायला लागल्या होत्या. पिरस्कानेनांच्या दगडावर तीन नावं होती. आजोबा हेइक्की, वय अडतीस. वडील आर्वी, चव्वेचाळीस. आई ऐला, एक्क्याण्णव. आईचं डोकं दुसऱ्या घरातून आलं होतं.

आर्वी सौनाच्या न्हाणीत पडला तेव्हा पाण्याची बादली घेऊन दारात उभी होती ती रायली. बारा वर्षांची. गाव म्हणालं, पिरस्कानेनांच्या डोक्याला वाफ आणि तळ्याचं गार पाणी एकदम सोसत नाही. पुढची चाळीस वर्षं त्या घरात कोणी सौनातून तळ्यात उडी मारली नाही. मग सोळा वर्षांपूर्वी स्वीडनमध्ये सिर्काचं डोकं तपासलं गेलं आणि खरं कारण कळलं: धमनीची भिंत एका जागी दुबळी, तिथे फुगा, आणि तो घराण्यात चालत आलेला. भावंडांची तपासणी झाली. रायलीच्या डाव्या डोळ्यामागच्या धमनीवर एक निघाला. टाउनोचं डोकं स्वच्छ होतं. तेव्हापासून तो, सुटल्याची लाज वाटावी तसा, जेवणाच्या टेबलावर नेहमी कडेची खुर्ची घेई.

"आई, गारठशील," मार्युत म्हणाली. ती रायलीची मुलगी, औलूच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. सुट्टी काढून सकाळच्याच गाडीने आली होती. तिने स्वतःची टोपी काढून आईच्या डोक्यावर घातली, त्या डोक्यावर, जणू मंगळवारच्या ऑपरेशनपर्यंत ते सांभाळायची जबाबदारी तिची एकटीचीच होती.

"मंगळवारी किती वाजता बोलावलंय?" सिर्काने विचारलं.

"सातला," मार्युत म्हणाली.

रायलीने टोपी कानांवर ओढली.

काल, शुक्रवारी दुपारी, हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला होता. गुरुवारी घेतलेल्या रक्ताचा अहवाल आला होता. रक्तकणिका चिकटू नयेत म्हणून ज्या दोन गोळ्या दिल्या होत्या, त्यांपैकी एकीचा परिणाम दिसत होता. दुसरीचा जवळजवळ नाहीच. अशा रक्तात धमनीत जाळी बसवली तर जाळीवरच गुठळी होऊ शकते. डॉक्टर म्हणतात मंगळवारी नको, सोमवारी बोलू. गोळ्या चुकल्या का हो? एकही नाही, रायली म्हणाली, आणि ते खरं होतं. दुसरं काही औषध घेता? नाही, ती म्हणाली, आणि तेही तिला खरंच वाटत होतं.

फोन ठेवल्यावर तिला लहानपणी कडाक्याच्या थंडीने शाळा बंद झाली की वाटायचं तसं वाटलं. तिने कोणाला काही सांगितलं नाही. मेणबत्ती अखेर पेटली. टाउनोने ती काचेच्या झाकणाखाली सरकवली आणि तिघं भावंडं, कोणीही कोणाला न चिकटता, तिच्याकडे बघत उभी राहिली.

*

ऑपरेशनपासून सिर्काला माहेरच्या घराचा वास येत नव्हता. ते तिला दरवेळी दारातच आठवे. भट्टीत सकाळपासून मांस शिजत होतं, टेबलावर कालाकुक्को कापला होता, काळ्या पावाच्या पोटात भाजलेली चिमुकली मासळी, आणि मार्युत दारातच थांबून डोळे मिटून नाकाने श्वास घेत होती. सिर्काने कोट काढला. तिच्यापुरतं हे घर म्हणजे उष्ण हवा आणि लाकूड.

"स्वीडनमध्ये, आमच्या वेस्टेरोसला, कालाकुक्को मिळतो," ती बसता बसता म्हणाली. "डबाबंद."

"अरेरे," टाउनो म्हणाला.

"मला काय फरक पडतो? मला चव निम्मीच लागते."

रायलीने सगळ्यांना वाढलं. एक डोळा मिटून वाढत होती, म्हणून पळी कधी ताटाच्या अलीकडे टेकायची. मदत करायला कोणी उठलं नाही, कारण मदत केली असती तर दिसलं असतं की सगळ्यांनी पाहिलंय.

"मी पुन्हा सांगते," सिर्का म्हणाली, "आणि मग गप्प बसते."

"दोन्हीतलं एकच होईल," टाउनो म्हणाला.

"तू काप खा. रायली, माझ्या डोक्यात चिमटा आहे. टायटॅनियमचा, एवढासा. कवटी उघडली, फुग्याच्या मानेवर चिमटा लावला, कवटी बंद. त्याच संध्याकाळी डॉक्टर म्हणाला, झालं. कळलं का? झालं. त्या दिवसानंतर मी त्याचा विचार केला नाही. आणि तुमची ही जाळी? बसवतील, घरी पाठवतील, आणि फुगा तिथेच. महिनाभर तिथेच. सहा महिने तिथेच! गोळ्या गिळा आणि वाट बघा. हा काय उपचार झाला?"

"मावशी, आईचा फुगा चिमट्याला सोपा नाही," मार्युत म्हणाली. "मान रुंद आहे, आणि जागा डोळ्याच्या मागे, हाडाच्या आत. डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या. जाळीतही धोका आहे, पण त्या जागी कमी."

"आणि काहीच नाही केलं तर?" हे टाउनोने विचारलं. प्लेटकडे बघत.

"मामा, वर्षभरात सातचा अकरा मिलिमीटर झालाय. पापणी पडली ती उगाच नाही."

"मी फक्त विचारलं."

"तू तीन वर्षं फक्त विचारतोयस," सिर्का म्हणाली. "झोपलेल्या अस्वलाला उठवू नये, हेच ना तुझं? अस्वल उठलंय, टाउनो. ते आता बाईच्या डोळ्यात येऊन बसलंय."

रायली उभीच होती. "त्या जाळीचं मला नीट कळलेलं नाही," ती म्हणाली. "डॉक्टर मुलगी चांगली होती. तिने चित्र काढलं. मला चित्रं दोन दिसत होती."

मार्युतने काटा खाली ठेवला. वर्गात ठेवत असेल तसा. "बारीक तारांची विणलेली नळी, आई. केसासारख्या तारा. मनगटातून किंवा जांघेतून धमनीने वर नेतात. फुग्याच्या आत काहीच घालत नाहीत. नळी धमनीतच उघडते, फुग्याच्या तोंडावरून आडवी. मग रक्ताचा मुख्य ओघ सरळ पुढे जातो, फुग्यात शिरायचा जोर ओसरतो. आतलं रक्त थबकतं, हळूहळू गोठतं, आणि जाळीवर धमनीचं अस्तर..."

"म्हणजे अडसर," टाउनो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"पाण्यातून ओंडके वाहून न्यायचे तेव्हाचा. वडील तेच काम करायचे." त्याने बोटाने टेबलावर रेघ ओढली, मग तिच्या कडेला एक वाटोळं. "हा प्रवाह. ही खाडी. ओंडके खाडीत शिरले की अडकतात, एकमेकांवर चढतात. म्हणून खाडीच्या तोंडावर ओंडक्यांचीच साखळी बांधायची, तरंगती. पाणी तिच्या खालून थोडं आत-बाहेर करतं. पण ओघ सरळ जातो." त्याने वाटोळ्यावर बोट ठेवलं. "मग आत पाणी हलत नाही. गाळ बसतो. लव्हाळी येते. उत्तरेकडच्या खाडीला वडिलांनी अडसर बांधला होता. आता तिथे गवत कापतात."

 सिर्काला वाटलं, इतकी सलग वाक्यं या माणसाच्या तोंडून आपण शेवटची कधी ऐकली? आणि तिच्या लक्षात आलं की तो आता तिच्या बाजूला नाही. तीन वर्षं तो कोणाच्याच बाजूला नव्हता, म्हणून तिने त्याला आपल्या बाजूला धरलं होतं.

"किती वर्षं लागली गवत यायला?" तिने विचारलं.

"दहा-बारा."

"बघ!"

"डोकं खाडीपेक्षा लहान असतं, धाकटे."

मार्युत हसली. रायलीही. सिर्काला हसता आलं नाही.

"तुम्हाला जाळीच हवी तर बसवा. मला काय," ती म्हणाली. "पण वाट बघणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. मी अठरा दिवस उप्सालाच्या हॉस्पिटलात होते. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसायचा. फिनलंडची पाटी असलेली गाडी आली की मी मोजायची. चार आल्या. एकीतूनही माझं कोणी उतरलं नाही."

"माझ्याकडे पासपोर्ट नव्हता," रायली म्हणाली.

"स्वीडनला यायला पासपोर्ट लागत नाही, रायली. कधीच लागत नव्हता."

रायलीने पळी भांड्यात ठेवली.  सोळा वर्षांत तिने शोधलेलं हे एकच कारण होतं, आणि ते इतकं लवकर संपलं.

*

कॉफी दुसऱ्यांदा उकळून आली. मार्युत वेलचीच्या पावाचे तुकडे करत होती, आणि त्यामुळेच तिला सगळं दिसलं. सुरी धरलेली असताना माणूस समोर नीट बघतो.

आईने कप ओढला, एक घोट घेतला आणि डाव्या हाताने बरगडीखाली दाबलं. अगदी क्षणभर. शेजारी बसलेल्या सिर्कामावशीला कळलंही नाही. पण टाउनोमामा भट्टीजवळून उठला, कपाटाच्या वरच्या फळीवरून कॉफीच्या डब्यामागून काहीतरी घेतलं, आणि येऊन आईच्या कपाशेजारी ठेवलं. एक शब्द नाही, नजर नाही. जाऊन परत बसला. आईनेही वर न बघता ते उचललं.

इतक्या सवयीने घडलं ते, की मार्युतला आधी बरंच वाटलं. या दोघांना एकमेकांसाठी काही करताना तिने पाहिलंच नव्हतं. आजी गेल्यानंतर घरात मामा एकटाच उरला, आणि आई इथे क्वचित यायची. यंदा पापणी पडल्यावर कुओपिओच्या फ्लॅटमध्ये एकटी नको म्हणून दोन आठवड्यांपूर्वी मार्युतनेच तिला इकडे आणून सोडलं होतं. रोज फोनवर विचारी: बोलता का एकमेकांशी? आणि आई म्हणे, हो, बर्फ कधी पडेल त्याबद्दल.

मग तिने आईच्या बोटांत काय आहे ते पाहिलं.

"आई, थांब. काय ते?"

"काही नाही. पोटाला."

"दाखव." तिने हात पुढे केला. कॅप्सूल होती, अर्धी गुलाबी, अर्धी तपकिरी. "मामा, पाकीट कुठाय?"

टाउनोने पाकीट आणून दिलं. त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती, गावच्या दवाखान्याची, त्याच्या स्वतःच्या जळजळीसाठी. ओमेप्राझोल. मार्युतने नाव वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"ही तू कधीपासून घेतेस?"

"इथे आल्यापासून," रायली म्हणाली. "सकाळी. उपाशीपोटी कॉफी घेतली की जळतं थोडं. त्याने पाहिलं असेल."

"तेरा दिवस," टाउनो म्हणाला. "आजची धरून चौदा. सकाळची देऊन झाली होती. पण आत्ता तिने पुन्हा दाबलं, म्हणून."

"हॉस्पिटलला सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

"औषध घेतेस हे!"

"हे औषध नव्हे," रायली म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरच आश्चर्य होतं. "हे टाउनोचं आहे. तो ठेवतो."

मार्युत खाली बसली. तिला जे सांगायचं होतं ते सोपं होतं, शाळेत पोरांना तिने असलीच गोष्ट दहा वेळा समजावली होती, पण समोर मामा बसला होता आणि त्याचे हात गुडघ्यांवर होते.

"दोन गोळ्यांतली दुसरी," ती सावकाश म्हणाली, "पोटात जाते तशीच काम करत नाही. यकृत आधी तिला कामाचं रूप देतं. मग ती रक्तकणिकांना चिकटू देत नाही. ही कॅप्सूल यकृताची तीच वाट अडवते. दोन्ही एकदम घेतल्या तर गोळी गिळली जाते, पण उपयोग कमी होतो. कधी खूपच कमी."

"किती कमी?" सिर्काने विचारलं.

"माणसागणिक वेगळं. रक्त तपासलं की कळतं. गुरुवारी तपासलंय ना, अहवाल..." ती थांबली. "आई. अहवाल आला?"

टाउनोने हात पुढे केला. मार्युतला वाटलं त्याला पाकीट हवंय. पण त्याने टेबलावरची ती एक कॅप्सूल उचलली आणि तळहातावर घेऊन बघत राहिला. मग ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना. कपाटाकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं, आणि मूठ मिटली.

"त्याला काही म्हणू नकोस," रायली म्हणाली. "त्याने काही केलेलं नाही. मी खाल्ली."

"मी कोणाला काही म्हणत नाहीये. अहवाल आला का?"

"आला. काल."

"आणि?"

"मंगळवार रद्द झालाय."

सिर्काने कप इतक्या जोरात ठेवला की बशीत कॉफी सांडली. "काल? आणि आम्ही दफनभूमीपासून इथवर भांडतोय! तू ताटं वाढतेयस आणि आम्ही..."

"मला ऐकायला बरं वाटत होतं," रायली म्हणाली. "इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याबद्दल एवढं बोलला नव्हता."

*

आता खोलीत कोणीच कोणाच्या बाजूला नव्हतं.

रायली खिडकीकडे पाठ करून बसली. काल दुपारपासून तिने एक गोष्ट मनाशी जपून ठेवली होती, आणि ती आता तिच्या हातून जात होती. तिला वाटलं होतं, शरीरानेच नको म्हटलं. औषध दिलं, ते लागू पडलं नाही, संपलं. यात भित्रेपणा नाही, कोणाला दोष नाही. वडिलांसारखं एखाद्या दिवशी पडायचं तर पडायचं, तिने त्यांच्याहून बावीस वर्षं जास्त जगून घेतली होती. कॉफी प्यायची, सकाळी कपाशेजारी काहीतरी ठेवलेलं असायचं, आणि बर्फाबद्दल बोलायचं. यापुढेही असंच चाललं असतं.

"शरीराने नको म्हटलेलं नाही, आई," मार्युत म्हणाली. तिने जणू ऐकलंच होतं. "कॅप्सूलने म्हटलं. ती बंद केली की काही दिवसांत गोळी लागू पडेल. नाहीतर डॉक्टर दुसरी देतील. त्यांना फक्त कळायला हवं."

"सोमवारी सांगेन."

"सोमवारी तू म्हणशील, गोळी लागू पडत नाही, काय करणार. मी ओळखते तुला."

"मार्युत," सिर्का म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा होता. "आईशी असं बोलू नये."

"मावशी, आत्ता तूच म्हणत होतीस..."

"मी तिची बहीण आहे. मी म्हणू शकते."

टाउनोने अजून मूठ उघडली नव्हती. तो म्हणाला, "मी विचारायला हवं होतं."

"कोणाला?" रायलीने विचारलं.

"तुला. ही घेऊ शकतेस का, म्हणून. औषधवाल्याला विचारता आलं असतं. मी दोनदा दुकानासमोरून गेलो." तो थांबला. "पण विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, काही दुखत नाही."

"म्हटलं असतं," रायली म्हणाली.

 तिने त्याच्याकडे पाहिलं. दोन टाउनो होते, एकाच्या खांद्याला दुसरा किंचित सरकून, दोघेही म्हातारे. तिने डोळा झाकला. एक उरला.

"फोन दे," ती मुलीला म्हणाली.

"मी करते."

"नको. जे लपवलं ते मी लपवलं."

वॉर्डचा नंबर नर्सने काल दिला होता, सुट्टीच्या दिवशीही चालणारा. तिला आकडे दुहेरी दिसत होते म्हणून मार्युतने लावून दिला आणि फोन टेबलावर ठेवला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. दुसऱ्या बाजूला कालचीच नर्स नव्हती. ही तरुण होती, दमलेली, पण घाईत नव्हती.

रायलीने नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. मग म्हणाली, "काल मला विचारलं होतं, दुसरं काही औषध घेता का. मी नाही म्हणाले. घेते."

"कोणतं?"

तिने मार्युतने समोर धरलेलं पाकीट वाचून दाखवलं. एकेक अक्षर. नर्स लिहून घेत होती.

"किती दिवस?"

"चौदा."

"आणि कशासाठी घेता?"

रायलीने खोलीभर नजर फिरवली. इथे चार माणसं होती. तिने हे कोणाच्यादेखत कधी म्हटलं नव्हतं, मुलीच्याही नाही.

"पोट दुखतं," ती म्हणाली.

"बरं. कधीपासून?"

"चार वर्षं झाली. नवरा गेला त्या वसंतापासून."

मार्युतचा हात पाकिटासकट खाली आला. नर्स म्हणाली, "शौचाला काळं, उलटीत रक्त, असं काही?"

"नाही."

"कॉफी किती घेता दिवसाला?"

"सात-आठ कप."

"अकरा," भट्टीजवळून टाउनो म्हणाला.

"कोण बोललं?" नर्सने विचारलं.

"भाऊ," रायली म्हणाली. "अकरा लिहा."

सिर्का हसली. पहिल्यांदाच त्या दिवशी, मोठ्याने, आणि मग तोंडावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला.

नर्सने थांबायला सांगितलं. फोनमध्ये वॉर्डचे लांबचे आवाज येत राहिले, चाकांचे, दाराचे. भट्टीत एक लाकूड ढासळलं. बाहेर आता काही दिसत नव्हतं, फक्त काचेत त्यांचं टेबल. मग ती परत आली. ड्युटीवरच्या डॉक्टरशी बोलले, म्हणाली. ही कॅप्सूल आजपासून बंद. पोटासाठी दुसरं देतील, दोन गोळ्यांच्या आड न येणारं, चिठ्ठी आत्ताच पाठवते. त्या दोन गोळ्या मात्र एकही चुकवायची नाही. शुक्रवारी पुन्हा रक्त. ठीक निघालं तर त्यापुढच्या मंगळवारी जाळी. नाहीच लागू पडली गोळी, तर तिसरी एक आहे, ती बघू. दरम्यान एकदम कधी झालं नव्हतं असं डोकं दुखलं किंवा नजर आणखी बिघडली, तर कोणाला त्रास होईल असा विचार न करता थेट रुग्णवाहिका. कळलं?

"कळलं."

"मग तुम्ही येणार ना? डॉक्टरांनी हेही विचारायला सांगितलंय. तुमची इच्छा आहे ना, असं."

रायलीने उत्तर द्यायला वेळ घेतला.  

"येणार," ती म्हणाली.

"छान. मग एकच राहिलं. घरी सोडल्यावर पहिले काही दिवस सोबत कोणीतरी हवं, प्रौढ माणूस. बोलताना जीभ अडखळते का, हात लुळा पडतो का, हे पाहणारं. आणि पुढे सहा महिने गोळ्यांची आठवण करून देणारं. आहे का कोणी?"

"आहे," रायली लगेच म्हणाली. तशा प्रश्नाला ती नेहमीच लगेच आहे म्हणायची.

"नाव सांगा, लिहून घेते."

सिर्काची बोट सोमवारी संध्याकाळी सुटत होती. तिने ओठ उघडले आणि मिटले. मार्युत म्हणाली, "मी रजा..." आणि तिला आठवलं की उरलेली रजा तिने या आठवड्यात घालवली. ती मनातल्या मनात दिवस मोजत असल्याचं रायलीला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तासभर हे सगळे कवटी की जाळी यावर तुटून पडले होते. हा प्रश्न कोणाच्याच मनात आला नव्हता. तिच्याही नाही.

"हॅलो?" नर्स म्हणाली.

"टाउनो पिरस्कानेन," रायली म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. "भाऊ. अकरा म्हणाला तो."

"फोन नंबर?"

तिने तोंड उघडलं. नंबर तिला माहीत नव्हता. आई होती तोवर आईच्या फोनवर करायची, नंतर मार्युत करायची. भावाला तिने स्वतःहून असा कधी फोन केलाच नव्हता. मार्युत घाईघाईने आपल्या फोनकडे वाकली, पण तोच बोलण्यासाठी टेबलावर उघडा होता. रायली टेबलाच्या लाकडाकडे बघत राहिली, आणि नर्स वाट बघत राहिली.

"शून्य, चार, शून्य," भट्टीजवळून टाउनो म्हणाला.

तो उठून उभा राहिला होता. नंबर त्याने पुढे सांगितला, एका दमात, जंगलात एकमेकांना हाक मारतात तितक्या मोठ्याने.

"जरा हळू," नर्स म्हणाली. "पुन्हा सांगता?"

टाउनो टेबलापर्यंत आला. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, एकेक आकडा सुटा करून, प्रत्येकानंतर थांबत. तिकडे नर्स लिहून घेत होती. इकडे रायलीने एक डोळा मिटला, मार्युतच्या हाताखालचं पेन ओढलं, आणि कॅप्सूलच्या पाकिटावरच, त्याच्या नावाच्या चिठ्ठीखाली, तीही तो नंबर उतरवून घ्यायला लागली.